मदर सुपिरियर आणि गोड पाणी

९ जानेवारी

धाकट्या,

‘प्रिय’ नंतर लिहीन, तू ते कमावलंस की.

सहा वर्षं तू माझा फोन उचललेला नाहीस. पत्राचं बरं असतं. फेकून द्यायलासुद्धा ते हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेलं तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस. लहानपणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचास आणि मग औषध प्यायचं नाकारायचास.

दोन बातम्या आहेत. बरी आधी.

मला काम मिळालं. पगार नाही, चहा आणि मऊ पडलेली बिस्किटं मिळतात. माझ्या घरापासून चालत जाण्यासारखी एक संशोधन संस्था आहे. तिथे उंदरांवर प्रयोग होतात. कुठलाही प्रयोग सुरू करायच्या आधी एका समितीची परवानगी लागते. समितीत शास्त्रज्ञ असतात, एक जनावरांचा डॉक्टर असतो, आणि ज्याला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही असा एक माणूस नियमानेच असावा लागतो. ती जागा मी भरली आहे. अध्यक्षांनी माझी पात्रता विचारली. मी सांगितलं, जन्म मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून गेला. खोटं बोलणारी तोंडं, गादीखाली लपवलेला खाऊ आणि परीक्षेच्या दिवशीची पोटदुखी एवढं ओळखता येतं. ते म्हणाले, “शास्त्रज्ञांसाठी एवढं पुष्कळ झालं, बाई.”

पहिल्याच बैठकीत एक उंच, वाकलेला शास्त्रज्ञ उभा राहिला. मी त्याचं नाव लंबूटांग ठेवलंय. तो म्हणाला, आमच्याकडे उंदरांची एक जात आहे, त्यांच्या किडनीत पाण्याच्या गाठी होतात. आईकडून किंवा बापाकडून पिल्लात उतरतात, निम्म्या पिल्लांत येतात, निम्म्यांत येत नाहीत. गाठी वाढतात, किडनी फुगते, आणि एक दिवस काम थांबवते. त्यावर एक नवं औषध करून बघायचंय.

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. हा माणूस आपल्या आईबद्दल बोलत होता, फक्त तिला शेपटी लावून.

अध्यक्षांना मी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, माझी आई याच आजाराने गेली. ते म्हणाले, मग तुम्ही प्रश्न जास्त विचाराल. तुझ्याबद्दल मात्र मी काही बोलले नाही. तुझ्याबद्दल मी कुणाशीच बोलत नाही, तसा शब्द तूच घेतला होतास.

आता दुसरी बातमी. तुझ्या लेकीचा फोन आला होता. नव्या नोकरीसाठी तिची तपासणी झाली, रक्तदाब वयाच्या मानाने बराच जास्त निघाला. डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला काही? ही म्हणाली, काही नाही. मग मला विचारते, “आत्या, आजी कशाने गेली गं? बाबा म्हणतात हृदयाने.”

मी म्हटलं, “बाबाला विचार.”

“ते विषय बदलतात.”

“मग पुन्हा विचार.”

फोन ठेवला आणि सगळी भांडी घासून काढली. ती आधीच घासलेली होती.

आईचा आजार तुझ्यात आला, माझ्यात आला नाही. यात माझं कर्तृत्व नाही आणि तुझा गुन्हा नाही. पण लेक शिकायला बाहेर निघाली तेव्हा मी म्हटलं, आता तिला सांग. तू म्हणालास, “तुझी सोनोग्राफी कोरी आहे, तुला बोलायला काय जातं.” त्यावर मी जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही. तुला पाठ असेल. मलाही आहे.

— ताई

२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, त्यामुळे तुझा काही फायदा झालेला नाही.

काल उंदीरघर बघितलं. आत जायचं म्हणजे पायांना पिशव्या, डोक्याला टोपी, अंगात पायघोळ झगा, तोंडाला पट्टी. आरशात पाहिलं तर थेट आमच्या शाळेतली सिस्टर. मी नन व्हावं म्हणून त्या बिचाऱ्यांनी किती प्रार्थना केल्या होत्या. उशिरा का होईना, ऐकली गेली.

आत खिडकी नाही. दिवस आणि रात्र घड्याळाला जोडलेली, ठरल्या वेळी दिवे लागतात, ठरल्या वेळी जातात. भिंतीभर पारदर्शक पिंजरे, कपाटाच्या खणांसारखे ओढायचे. प्रत्येकात भुसा, वरून उलटी लावलेली पाण्याची बाटली आणि तिची स्टीलची नळी. वास येतो, पण आपल्या वसतिगृहाच्या न्हाणीघरापेक्षा बरा.

तिथे एक मावशी आहेत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं घालणं त्यांच्याकडे. मी एका पिंजऱ्यात बोट घालायला गेले तर ओरडल्या, “अहो बाई! चावते ती. दिसते तशी नाही.”

ती म्हणजे एक उंदरीण. काळीभोर, छातीवर पांढरा ठिपका. मागच्या पायांवर बसलेली, पुढचे दोन्ही छातीशी जुळवलेले, आणि माझ्याकडे अशी बघत होती की मी ताबडतोब माझी नखं तपासली. आठवतं का कुणी? तुला एकदा आमच्या शाळेच्या फाटकावर चढल्याबद्दल दोन तास उभं केलं होतं, त्या सगळ्यात मोठ्या सिस्टरांनीच. मी तिथल्या तिथे नाव ठेवलं, मदर सुपिरियर.

लंबूटांग म्हणाला, “आम्ही त्यांना नावं देत नाही. नंतर त्रास होतो.”

“तुम्ही देऊ नका. मी शास्त्रज्ञ नाही.”

पिल्लं आईपासून वेगळी करताना कानाचा एक कण काढून तपासतात, आणि कुणात आजार उतरलाय ते तेव्हाच कळतं. उंदरांच्या घरात कारभार कसा सरळ आहे बघ.

आता प्रयोग ऐक. तुला यात रस वाटेल, तू कितीही तोंड फिरवलंस तरी. औषध पिण्याच्या पाण्यातून द्यायचं आहे. पण ते कडू आहे. उंदीर कडू पाणी पीत नाहीत, जीव गेला तरी. म्हणून त्यात साखर घालतात. आता निम्म्या उंदरांना औषध द्यायचं आणि निम्म्यांना नाही, म्हणजे तुलना करता येते. पण एकाला गोड पाणी आणि दुसऱ्याला साधं, हा अन्याय झाला. म्हणून ज्यांना औषध नाही त्यांनाही साखरेचंच पाणी. सगळं सारखं, फरक फक्त औषधाचा.

मी विचारलं, “म्हणजे साधं पाणी कुणालाच नाही?”

“नाही. दोन्हीकडे सारखंच हवं ना, बाई.”

पटलं. वसतिगृहात एकीला मोठा तुकडा गेला की दुसरीचं रडणं मी ऐकलंय. सही केली.

आणखी एक गंमत. कुठल्या पिंजऱ्यात औषध आहे ते लंबूटांगलाही ठाऊक नसतं, मावशींनाही नाही. बाटल्या दुसऱ्या विभागातली एक मुलगी भरून पाठवते, कोणती कुठे ते तिलाच माहीत. नाहीतर म्हणे माणूस आपल्याला हवं तेच बघतो. मी म्हटलं, “हे तर लपवणं झालं.” तो म्हणाला, “लपवणं नाही. उघडायची तारीख आधी ठरलेली असते.”

धाकट्या, हे वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होते. तू तारीखच ठरवली नाहीस.

— ताई

१९ मार्च

धाकट्या,

मी तक्रार केली आहे. तुझी नाही, उंदरांच्या भुशाची.

मागच्या महिन्याच्या शेवटी गेले तर मावशी भुसा बदलत होत्या. म्हणाल्या, “कालच बदलला हो. पुन्हा चिकचिक.” मी हातमोजा घालून एकेका पिंजऱ्यात हात घातला. ओला, ओला, ओला. पहाटे उठून मुलींच्या गाद्यांवरून हात फिरवण्यात माझं आयुष्य गेलंय, ओलं कशाला म्हणतात ते मला शिकवू नये कुणी. सगळे पिंजरे, झाडून सगळे.

लंबूटांगला गाठलं. तो म्हणाला, “या आजारात लघवी जास्तच होते, बाई. किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही.”

मी मावशींना विचारलं, “मागच्या वर्षीचे उंदीर पण आजारीच होते ना?”

“होते की.”

“त्यांचं असंच होतं?”

“छे! आठवड्यात दोनदा बदललं की भागायचं. यांचं म्हणजे धरणच फुटलंय.”

लंबूटांग म्हणाला, “मोजलंय का कुणी?” मावशींनी भुशाची पाटी उचलली. मोजलं नव्हतं खरं, नुसतं उपसलं होतं. तो पुढच्या कामाला गेला. मी घरी येऊन कागद काढला आणि सिस्टरांनी शिकवलेल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, की आजारी जिवांना ओल्यात बसवून ठेवणं हा छळ आहे आणि ही समिती छळ थांबवण्यासाठीच नेमलेली आहे. तो अर्ज बैठकीच्या यादीत सगळ्यात खाली टाकलाय. दोन बैठका झाल्या, तिथपर्यंत कुणी पोचतच नाही. चहा येतो आणि सगळे उठतात.

पण त्याच दिवशी दुसरं काही बघितलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. उंदराची सोनोग्राफी! मदर सुपिरियरला गुंगी दिली, पोटावरचे केस काढले आणि जेल लावलं. जेल कोमट करून लावतात, उंदराला गारठा सोसत नाही म्हणून. आपल्या आईला कुणी कोमट करून लावलं नव्हतं. ती केवढ्याने ओरडली होती आणि आपण बाहेर बाकावर घाबरून हसत होतो.

पडद्यावर राखाडी वावटळ दिसते आधी. मग लंबूटांगने बोट ठेवलं, आणि एकदम कळायला लागलं. किडनी, आणि तिच्यात काळे काळे गोल. लहान, स्वच्छ, एकमेकांना चिकटलेले. मला लाज वाटते लिहायला, पण ते बघण्यासारखं होतं. आईच्या पोटात इतकी वर्षं काय चाललं होतं त्याचा मी फक्त राग केला, ते दिसतं कसं हे कधी मनातही आलं नव्हतं.

तुला तुझं दाखवलं होतं का? की तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास? मी टोमणा मारत नाही, खरंच विचारतेय. तुझ्यात ते कसं दिसतं?

लंबूटांग मात्र पडद्याकडे बघून डोकं खाजवत होता. म्हणे, या वयाला गाठी याहून मोठ्या असायला हव्यात. मागच्या वर्षी होत्या. पुढच्या पिंजऱ्यातला काढला, तिथेही तेच. खूश झाला. औषध लागू पडतंय असं त्याला वाटतंय.

मी म्हटलं, “पण निम्म्यांना तर औषधच नाही ना?”

“आज पाहिले ते औषधवालेच असतील.”

असतीलही.

— ताई

७ मे

धाकट्या,

तुझ्या लेकीने पुन्हा फोन केला. रक्तदाब खाली यायला तयार नाही. डॉक्टर म्हणतात, एवढ्या तरुण वयात काहीतरी कारण असणार, शोधायला हवं. तू तिच्यासमोर बसून जेवतोस रोज, आणि कारण तुझ्या पोटात आहे.

तुझी तब्येत विचारली तर म्हणाली, “बाबा थकतात हल्ली. वय झालं ना.” वय! तुझं? तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेस आणि मी जिने चढून उंदरांची विचारपूस करते.

ती हसून मला म्हणते, “आत्या, आता कुणाच्या गाद्या तपासतेस?” तिची जीभ माझ्यावर गेलीय, एवढं तरी आपल्या घराण्यातलं चांगलं तिच्यात उतरलं.

लंबूटांगला मी आडून विचारलं, उपाय केव्हा सुरू केला याने फरक पडतो का. तो म्हणाला, पडतो म्हणजे काय, तोच तर फरक आहे. गाठी बारीक असताना सुरू केलं तर काही हाती लागतं. किडनी एकदा भरून गेली की औषध द्या नाहीतर मंत्र म्हणा. आणि माणसात सगळ्यात आधी रक्तदाब सांभाळायचा असतो, त्याला कुठल्याच प्रयोगाची वाट बघायला नको.

आई आठवते का तुला, शेवटच्या वर्षातली? पोट इतकं वाढलं होतं की शेजारच्या काकूंनी विचारलं, “या वयात, अहो?” आई हसली. तेव्हा, सोनोग्राफीच्या आधी, तिलाही माहीत नव्हतं पोटात काय आहे. आपण दाराआड उभे होतो. तू मला विचारलंस, “ताई, बाळ येणार आहे?” आणि मी, सगळं कळत असल्याच्या थाटात म्हटलं, हो.

कुणी काही सांगत नसलं की माणसं असली उत्तरं तयार करतात. तुझी लेक सध्या काय तयार करत असेल ते बघ.

— ताई

२८ मे

धाकट्या,

काय झालं असेल ओळख! नाही ओळखणार. बस आणि वाच.

प्रयोग संपला. उंदरांच्या किडन्या काढून वजन केलं. मागच्या वर्षीच्या आजारी उंदरांपेक्षा कितीतरी हलक्या. लंबूटांग नवा शर्ट घालून बैठकीला आला. बाटल्या भरणाऱ्या मुलीला बोलावलं, तिने कोणत्या पिंजऱ्यात काय होतं ते वाचायला सुरुवात केली, तो फळ्यावर दोन रकाने करून आकडे मांडत गेला. औषधवाले, बिनऔषधवाले. मांडता मांडता त्याचा हात हळू हळू व्हायला लागला. मला गणित येत नाही, पण दोन रकाने सारखे आहेत हे कळायला गणित लागत नाही.

दोन्ही गट बरे होते. औषध न घेतलेलेसुद्धा. म्हणजे औषधाने काहीच केलं नव्हतं.

लंबूटांग खुर्चीत बसला आणि त्या उंच माणसाची एकदम घडी झाली. अध्यक्षांना बिचाऱ्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी यादी पुढे वाचायला घेतली. “शेवटचा विषय. भुसा ओला असल्याबद्दल तक्रार.”

कुणीतरी फिसकन हसलं. मी उभी राहिले. म्हटलं, हसायचं असेल त्यांनी आधी ओल्या गादीवर एक रात्र झोपून दाखवावं. आणि वाचायला लागले. सगळे पिंजरे ओले, एकही सुटलेला नाही. मागच्या वर्षीचे उंदीर याच आजाराचे, पण कोरडे. मावशींना दर दिवसाआड...

“थांबा,” लंबूटांग म्हणाला. “सगळे?”

“सगळे.”

“मागच्या वर्षी नव्हते?”

“मावशींना विचारा. तुम्ही तेव्हाच ऐकलं असतं तर—”

तो ऐकत नव्हता. मान वर करून छताकडे बघत होता. मग म्हणाला, “मागच्या वर्षी दुसरं औषध होतं, टोचून दिलं होतं. पाणी साधं होतं.” आणि थोड्या वेळाने, “यांना साखर दिली. गोड म्हणून ते पीत सुटले. पाणी. नुसतं पाणी.”

मग तो खडू घेऊन मला समजावायला लागला, फक्त मला, कारण बाकीच्यांना कळलं होतं आणि ते कपाळाला हात लावून बसले होते. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदू किडनीला निरोप धाडतो, पाणी जपून वापर. या आजारात नेमक्या त्याच निरोपाने गाठी फुगतात. जो सतत पीत राहतो त्याच्याकडे निरोप येतच नाही. हे तर पुस्तकात आहे, तो म्हणाला, मी शिकवतो हे पोरांना! आणि सगळ्यांना सारखी वागणूक द्यायच्या नादात त्याने सगळ्यांनाच उपचार केले होते. न्याय करायला गेला आणि तुलनाच बुडवली. एक पिंजरा जरी साध्या पाण्याचा ठेवला असता, तर! मी विचारलं होतं. पण सहीही मीच केली होती, म्हणून गप्प बसले. तुला पटणार नाही, पण बसले.

आता पुन्हा करायचं आहे सगळं. साधं पाणी, गोड पाणी, औषध, सगळे वेगवेगळे गट, आणि बाटल्या रोज मोजायच्या. म्हणजे आणखी उंदीर. मत माझ्याकडे आलं तेव्हा मी हो म्हटलं, भुसा रोज बदलायच्या अटीवर. मावशींना एक मदतनीस मिळणार आहे.

मी विचारलं, “माणसालाही नुसतं पाणी पुरेल?”

“इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. माणसांत एवढं ठाम दिसलेलं नाही अजून. माणूस म्हणजे उंदीर नाही, बाई.”

“काही काही असतात,” मी म्हटलं. तुझ्याबद्दल नव्हतं.

बरं, तुझ्याबद्दलच होतं.

तू उगाच घागरी रिचवू नकोस, आधी डॉक्टरला विचार. पण त्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या मनात काय होतं ते ऐक. लंबूटांगची चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, आणि दहा मिनिटांत त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले, कारण त्याला काहीतरी कळलं होतं. वाईट बातमी होती, तरी कळलं होतं. तुझ्या लेकीला घाबरण्याचा हक्क आहे, आणि नंतर असे डोळे होण्याचाही. दोन्ही तू अडवून धरलेयस.

बाकी सगळं ठीक.

— ताई

१४ जून

प्रिय धाकट्या,

हो, बरोबर वाचलंस.

चार दिवसांपूर्वी संध्याकाळी तिचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाली, “आत्या, मदर सुपिरियरचं काय झालं?”

मी खुर्ची शोधून बसले. ते नाव मी या जगात लंबूटांग आणि मावशी सोडून फक्त तुला सांगितलं होतं.

“शेवटच्या पत्रात तिचं नावच नाही,” ती म्हणाली. “बाकी सगळं ठीक असं लिहिलंयस. तू कधी असं लिहीत नाहीस.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जानेवारीपासून तू माझी पत्रं जेवणानंतर तिला वाचून दाखवतोस म्हणे. उंदरांचं तेवढं वाचायचं, आणि मधेच घसा खाकरायचा आणि पान उलटायचं. “आधी मला वाटलं बाबांना खरंच खोकला झालाय,” ती म्हणाली. “मग माझ्या लक्षात आलं, आत्याची वाक्यं अर्धवट कशी असतील? तू तर भांडण पूर्ण केल्याशिवाय झोपत नाहीस.” तरी तिने विचारलं नाही. वाट बघत राहिली. आणि शेवटचं पत्र आलं त्या दिवशी तू घसा खाकरला नाहीस. ‘तुझ्या लेकीला घाबरण्याचा हक्क आहे’ तिथपर्यंत मोठ्याने वाचत गेलास, आणि मग पत्र तिच्या हातात देऊन सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत बसलास.

तिची सोनोग्राफी झाली. तू सोबत गेला होतास. जेल गार होतं, ती ओरडली आणि तू हसलास, हेही सांगितलं तिने. गाठी आहेत. दोन्हीकडे आहेत. लहान आहेत. हे तुला माहीत आहे, तरी मी लिहितेय, कारण हाताने लिहिलं की मला ते खरं वाटतं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यात आणि डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

“रडलीस का?” मी विचारलं.

“हो. दोन दिवस. बाबा माझ्यापेक्षा जास्त.” मग म्हणाली, “आता मदर सुपिरियरचं सांग.”

धाकट्या, तुला सांगायची गोष्ट अशी, की मी खोटं बोलणार होते. तोंडात तयार होतं. म्हातारी झाली, पिंजऱ्यात मजेत आहे, नखं तपासते. सहा वर्षं मी तुला ज्यासाठी झोडपतेय, ते माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, आणि किती सोपं होतं ते! त्या मुलीच्या पोटात तेच काळे गोल आहेत. तिला कसं सांगायचं, की किडनीचं वजन करायचं तर आधी काय करावं लागतं?

मी म्हटलं, “गेली. मे महिन्यात. झोपेत घालवतात, दुखत नाही. मी त्या दिवशी जाऊन उभी राहिले होते.”

मी फोन कानाला घट्ट दाबून बसले होते, एवढंच आठवतं.

मग ती म्हणाली, “आणि तिच्या किडन्या? केवढ्या होत्या?”

“लहान. मागच्या वर्षीच्या सगळ्यांपेक्षा लहान. ती औषधवाली नव्हती, नुसत्या गोड पाण्यावर होती.”

“म्हणजे ती सगळ्यात जास्त पाणी पीत होती?”

“ते कुणी मोजलं नव्हतं.”

“का नाही मोजलं?” असा आवाज चढवला तिने, की मला आरशात बघितल्यासारखं झालं. मग एकामागून एक. निम्म्या पिल्लांत येतं तर कुठल्या निम्म्यांत, ते कसं ठरतं? नर-मादीत फरक पडतो का? नव्या प्रयोगात साध्या पाण्याचे पिंजरे किती ठेवणार? मी उत्तरं देता देता थकले. निम्म्या गोष्टी मला माहीत नव्हत्या, लंबूटांगला विचारून सांगते म्हटलं. तो म्हणाला, तिलाच घेऊन या.

तर तिला उंदीरघर बघायचं आहे. बाहेरच्या माणसाला समितीची परवानगी लागते. मी अर्ज केला, यादीत सगळ्यात वर ठेवायला लावला, आणि कालच मंजूर करून घेतला. दोन माणसांचा केलाय. दुसरं माणूस कोण ते तुझं तू ठरव, पण झगा मी मोठ्या मापाचा सांगून ठेवलाय, तुझं पोट लक्षात घेऊन. त्यांच्या मशीनवर माणसाची किडनी दिसत नाही, तेव्हा घाबरू नकोस. दिसली असती तर मी तुला आडवा पाडून बघितली असती. तुझ्यात ते कसं दिसतं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

जिन्याशेजारची खोली मी झाडून घेतली आहे. गाद्या उन्हात घातल्या आहेत, दोन्ही कोरड्या आहेत, हात फिरवून पाहिला.

आणि येताना माझी सगळी पत्रं घेऊन ये. कुठे कुठे घसा खाकरलास ते मला बघायचंय. सगळ्यात चांगली वाक्यं तीच होती.

तुझीच,
ताई